कॉलेजची डिग्री, कंपनीची खुर्ची: मुंबईत बिझनेस अप्रेंटिसशिप करताना

लोअर परळच्या एका काचेच्या टॉवरमध्ये मी अप्रेंटिस म्हणून लागले, तेव्हा पहिले सहा आठवडे फक्त बिलं स्कॅन केली. घरी सगळ्यांना वाटत होतं, मुलगी मोठ्या कंपनीत फायनान्स शिकतेय. मी शिकत होते ते इतकंच, की पिन काढल्याशिवाय कागद मशिनात सरकवायचा नाही. सातव्या आठवड्यात वैतागून शेजारच्या सिनियरना विचारलं, "सर, हे बिल पास झालं आणि तेवढं एकच का अडकलं?" त्यांनी दहा मिनिटं काढली. पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल, या तिन्हींतले आकडे जुळले तरच पैसे सुटतात, हे एका खऱ्या बिलावर बोट ठेवून दाखवलं. माझं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

आता त्याच मजल्यावर दर वर्षी दोन-तीन अप्रेंटिस माझ्याकडे येतात आणि त्यांचंही तेच होताना दिसतं. कंपनी मोठी असली की शिकवायची जबाबदारी कागदावर पाच जणांची असते आणि प्रत्यक्षात कुणाचीच नसते. सगळे आपापल्या कामात बुडालेले असतात. म्हणून आपलं शिकणं आपणच कुणाच्या तरी दिवसात बसवावं लागतं. ते कसं बसवायचं, हे सहीपासून शेवटच्या दिवसापर्यंत क्रमाने सांगते.

आधी दार ओळखा

इंटरनेटवर 'डिग्री अप्रेंटिसशिप' शोधलंत तर बरेचसे व्हिडिओ ब्रिटनचे निघतात. तिथे हा प्रकार 2015 साली सुरू झाला. 2017 पासून वर्षाला 30 लाख पौंडांहून जास्त पगार वाटणाऱ्या कंपन्यांकडून त्यावरच्या रकमेच्या 0.5 टक्के कर घेतला जातो आणि त्या पैशातून शिक्षणाचा खर्च निघतो. विद्यार्थ्याला विद्यापीठाची फी भरावी लागत नाही. तो हिशेब डोक्यात ठेवून इथे आलात तर फसगत होईल. आपल्याकडे कॉलेजची फी बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जाते आणि कंपनी स्टायपेंड देते.

आपल्याकडची दारं दोन. पहिलं, डिग्रीतच अप्रेंटिसशिप गुंफलेले अभ्यासक्रम, ज्यांना कॉलेजात 'एईडीपी' म्हणतात. यात एक किंवा अधिक सत्रं कंपनीत जातात आणि त्यांचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, मार्कशीटवर येतात. रिटेल, लॉजिस्टिक्स, बँकिंग-विमा या शाखांत हे जास्त दिसतात. दुसरं दार डिग्री झाल्यावरचं: 'नॅट्स' या केंद्रीय योजनेच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं आणि साधारण वर्षभर पदवीधर अप्रेंटिस म्हणून काम करायचं. साध्या बीकॉम-बीएवाल्यांनाही हे खुलं आहे. इंजिनिअरांचीच मक्तेदारी असण्याचे दिवस 2014 च्या कायदा दुरुस्तीनंतर संपले. नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणारी 'कन्सल्टन्सी' भेटली तर तिथूनच मागे फिरा.

याशिवाय 'ट्रेनी', 'इंटर्न', राज्य सरकारची 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना अशी बरीच नावं कानावर पडतात. ती वाईट आहेत असं नाही, पण शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 खालचा नोंदवलेला करार वेगळा आणि त्याचं संरक्षणही वेगळं.

अभ्यासक्रमाच्या नावावरही जाऊ नका. 2024-25 पासून बीएमएस, बीबीए एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत गेले, त्यांना सीईटी लागली आणि मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी तोच विषय 'बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)' या नावाने सुरू ठेवला. माहितीपत्रकात 'इंडस्ट्री एक्स्पोजर' लिहिलंय म्हणजे अप्रेंटिसशिप आहे असं नाही. कंपनी, कॉलेज आणि विद्यार्थी अशा तिघांच्या सह्यांचा करार होणार का, एवढं विचारा. "बघू, नंतर सांगतो" असं उत्तर आलं तर ते 'नाही'च समजा.

सही करण्याआधीचा अर्धा तास

करार वाचायला अर्धा तास लागतो आणि शंभरातले नव्वद जण तो वाचत नाहीत. मीही वाचला नव्हता.

पहिलं बघायचं ते स्टायपेंड. 2019 च्या नियमांनी पदवीच्या शिकाऊ उमेदवारासाठी महिना किमान 9,000 रुपये ठरवले. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने त्यात 36 टक्के वाढ करून 12,300 करण्याची शिफारस केली. सही करायच्या दिवशी लागू असलेला आकडा पोर्टलवर बघून घ्या. मोठ्या कंपन्या अनेकदा किमान रकमेपेक्षा जास्त देतात, पण घासाघीस करायला फारशी जागा नसते.

हे पैसे दोन नळांतून येऊ शकतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. नॅट्समधून असाल तर किमान रकमेतला अर्धा वाटा केंद्र सरकारचा असतो आणि तो थेट तुमच्या आधार-जोडलेल्या खात्यात पडतो. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग झालंय का' हे विचारा. केवायसीला आधार देणं वेगळं आणि सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात पडावेत म्हणून ते आधारशी जोडणं, वेगळं. या एका गैरसमजापायी मुलांचे दोन-दोन महिन्यांचे पैसे लटकलेले मी पाहिलेत. तोवर हातात फक्त कंपनीचा वाटा असतो, तेव्हा मोबाईलचा हप्ता पूर्ण स्टायपेंड धरून बांधू नका. कंपनीने पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत स्टायपेंड द्यायचा असा नियम आहे.

दुसरं, तुम्ही कायद्याने कामगार नसता, प्रशिक्षणार्थी असता. म्हणून पीएफ कापला जात नाही, बोनसही नाही. त्याच कायद्यात दुसरी बाजूही आहे: अप्रेंटिसकडून ओव्हरटाइम करून घ्यायचा तर शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि तीही प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताची असेल तरच मिळते. पहिल्याच दिवशी हे कलम कुणाच्या तोंडावर मारू नका. पण माहीत असू द्या.

तिसरं, संपल्यावर नोकरी. कंपनी ती द्यायला बांधील नाही. मात्र अप्रेंटिसना भरतीत कसं घ्यायचं याचं धोरण कंपनीने ठरवायचं असतं. एचआरला सरळ विचारा, "मागच्या बॅचमधले किती जण इथे कायम झाले?" उत्तर टाळलं गेलं तर तेही उत्तरच आहे.

कॉलेजला मी दोनच प्रश्न विचारीन: या महिन्यांचे क्रेडिट किती आणि ते कुणाच्या सहीने मिळतात, आणि परीक्षा कंपनीच्या दिवसांत आली तर रजेचं पत्र कोण देणार. दुसऱ्या प्रश्नावर कोऑर्डिनेटर सर थोडे घुटमळतात. पत्राचा नमुना तेव्हाच घेऊन ठेवा.

पास, डबा, ओळखपत्र

लोकलचा विद्यार्थी सवलतीचा पास घर ते कॉलेज यासाठी असतो. ऑफिस दुसऱ्या टोकाला असेल तर तिथे तो चालत नाही, पूर्ण भाड्याचा पास काढावा लागतो. माझं घर आणि कॉलेज दोन्ही डोंबिवलीत. त्यामुळे आयुष्यातला पहिला पास मी पूर्ण पैशांचा काढला, स्टायपेंड यायच्या आधी. पहिला महिना मासिक पासच घ्या. कंपनीची दोन-तीन ऑफिसं असतात, आणि पंधरा दिवसांनी "तू उद्यापासून अंधेरीला ये" असं सांगतात. जागा पक्की झाली की तिमाही काढा. तो मासिकाच्या तिप्पट नसतो, 2.7 पट असतो.

बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात ऑफिस असेल तर वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनपासूनचा शेवटचा तुकडा अख्ख्या लोकल प्रवासाइतका जीव खातो. तो वेळ रविवारी जाऊन मोजू नका, सोमवारी सकाळी मोजा. आरे ते कफ परेड मेट्रो 3 सुरू झाल्यापासून पश्चिम उपनगरातल्यांचं जरा सुसह्य झालंय. मध्य रेल्वेवाल्यांनी मात्र दादर-कुर्ल्याचं गणित करायचंच.

डबा न्या. टॉवरच्या फूड कोर्टमध्ये रोज जेवलात तर स्टायपेंड तिथेच संपतो. शिवाय डब्याच्या टेबलावर जे कळतं ते ट्रेनिंगमध्ये कळत नाही. आमच्याकडे पेमेंट विभागातले एक काका रोज भाकरी आणायचे. कुठला वेंडर, म्हणजे माल पुरवणारा, दर वर्षी मार्चमध्ये रडतो आणि का, हे मला त्यांनी ठेच्याबरोबर शिकवलं.

पहिले पंधरा दिवस

लॅपटॉप दुसऱ्या दिवशी मिळेल असं सांगतात. मिळतो दहाव्या दिवशी. सिस्टिमचा अ‍ॅक्सेस त्यानंतर. त्या रिकाम्या वेळात मोबाईल बघत बसलेली मुलं सगळ्यांच्या लक्षात राहतात, चुकीच्या कारणाने.

या काळात तीन गोष्टी करा. विभागाचा नकाशा काढा: कुणाकडून काय येतं, ते कुणाकडे जातं, अडकलं तर कुणाला फोन जातो. एका कागदावर, पेन्सिलने. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचा वार्षिक अहवाल वेबसाइटवरून उतरवून घ्या आणि निदान व्यवस्थापनाचं विवेचन व विभागवार आकडे वाचा. तिथे पाच वर्षं काढलेल्या लोकांनीही तो वाचलेला नसतो, त्यामुळे तुमचा प्रश्न लगेच उठून दिसतो. आणि एक्सेल. पिव्होट टेबल, एक्सलुकअप, तारखांची गणितं एवढं हाताशी असेल तर तुम्ही दुसऱ्याच्या उपयोगाला येता. उपयोगाला येणाऱ्याला लोक शिकवतात, हा व्यवहार आहे.

कंपनी नोंदलेली असेल तर आणखी एक खबरदारी. तुमच्यासमोर येणारे आकडे निकाल जाहीर होण्याआधीचे असू शकतात. ते मित्राला सांगणं, व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनचा फोटो टाकणं हे सेबीच्या इनसायडर ट्रेडिंगच्या, म्हणजे आतल्या माहितीवर शेअरचे व्यवहार रोखणाऱ्या, नियमांत अडकू शकतं. डिमॅट खातं असेल तर आपल्या कंपनीच्या शेअरला हात लावण्याआधी कम्प्लायन्सला, म्हणजे नियमपालन बघणाऱ्या विभागाला विचारा.

ऑफिसचं पंचांग

अप्रेंटिसची सगळ्यात मोठी तक्रार: "कोणी वेळच देत नाही." खरं सांगू का, बरेचदा मुलं चुकीच्या तारखेला विचारायला जातात.

फायनान्स विभागाचा महिना असा चालतो. 1 तारखेपासून मागच्या महिन्याचे हिशेब बंद करायची घाई. 7 ला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून ठेवलेला आयकर, भरायचा. 11 ला विक्रीचं जीएसटी विवरण. 14 ला खरेदीच्या जीएसटीचा 2बी तक्ता पोर्टलवर तयार होतो. त्यावरून कुठल्या वेंडरने बिल दाखवलंच नाही ते कळतं आणि फोनाफोनी सुरू होते. 15 ला पगारवाल्यांचा पीएफ. 20 ला 3बी, म्हणजे महिन्याच्या जीएसटीचं एकत्रित विवरण. नोंदलेल्या कंपनीत तिमाही संपली की निकाल 45 दिवसांत जाहीर करायचे असतात, म्हणजे ऑक्टोबरात किंवा जानेवारीत वरच्या साहेबांकडे जाऊ नका.

मग कधी जायचं? 21 ते 27. त्या आठवड्यात माणसं चहाला उठतात. मी माझ्या अप्रेंटिसना सांगते, महिनाभर प्रश्न वहीत साठवा आणि 22 तारखेची अर्ध्या तासाची मीटिंग कॅलेंडरवर आधीच टाकून ठेवा. वही उघडून पाच प्रश्न विचारणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं.

आणि घाईच्या दिवसांत? तेव्हा शेजारी बसायचं. विचारायचं नाही, बघायचं. 20 तारखेच्या दुपारी 2बी आणि खरेदीची नोंदवही जुळवताना बघितलंत, तर जीएसटीच्या पेपरातलं इनपुट टॅक्स क्रेडिटचं, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचं, प्रकरण पाठ करावं लागत नाही.

मार्केटिंगचं पंचांग वेगळं. तिथे गणपती ते दिवाळी माणसं भेटतच नाहीत. एचआरचं आणखी वेगळं, एप्रिल-मे अप्रेझलचे. आपल्या विभागाच्या तारखा पहिल्या महिन्यातच कुणाकडून तरी लिहून घ्या.

लॉगबुक

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण क्रेडिट, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि पुढची मुलाखत, तिन्ही याच वहीतून निघतात. आणि बहुतेक जण ती शेवटच्या आठवड्यात, एका बैठकीत, तीन रंगांच्या पेनांनी भरतात. परीक्षकाला ते पहिल्या पानावरच कळतं.

वाईट नोंद अशी असते: 'आज इनव्हॉइस प्रोसेसिंग केले.' ही ओळ दोनशे दिवस लिहिता येते.

कामाची नोंद अशी: 'आज 40 बिलं पाहिली, 6 अडकली. चारमध्ये माल मिळाल्याची नोंद गोदामाने टाकली नव्हती. दोनमध्ये दर ऑर्डरपेक्षा जास्त. त्यातल्या एकात वेंडरने सुधारित ऑर्डरचा मेल दाखवला, पण सिस्टिममध्ये जुनीच ऑर्डर होती. प्रश्न: सुधारित ऑर्डर सिस्टिममध्ये चढवायची कुणी?' यात पाच ओळी आहेत, पण अख्खी प्रक्रिया दिसते. प्रश्नाचं उत्तर चार दिवसांनी मिळालं की तिथेच शेजारी तारखेसकट लिहा.

आठवड्यातून एकदा या नोंदीला अभ्यासक्रमाचा धागा जोडा. उदाहरण देते. कायद्यात अशी तरतूद आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं करार नसेल तर 15 दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकती करायची. मुदत हुकली तर आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच उत्पन्नातून वजा मिळतो. पुस्तकात ही दोन ओळींची गोष्ट. पण माझ्या एका अप्रेंटिसने अडकलेल्या बिलांतली लघुउद्योगांची बिलं वेगळी काढली, दिवस मोजले आणि 45 च्या जवळ आलेली बिलं पिवळी केली. तोच तिचा प्रोजेक्ट झाला. मार्चच्या शेवटी साहेब ती शीट स्वतःहून मागायला आले. ठेचावाल्या काकांचा मार्चमध्ये रडणारा वेंडर त्यात होताच.

वहीत वेंडरची खरी नावं, ग्राहकांचे नंबर, दर लिहू नका. 'वेंडर अ', 'वेंडर ब' पुरे. ही वही कॉलेजात जाते, आठ जण चाळतात. मेंटॉरची, म्हणजे कंपनीतल्या तुमच्या मार्गदर्शकाची, सही दर शुक्रवारी घ्या. तीन महिन्यांच्या सह्या एकदम मागितल्या की तेही वैतागतात, आणि त्यांची बदली झाली असेल तर संपलंच.

मीटिंगमध्ये तोंड उघडणं

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा इथे घसा कोरडा पडतो. माझाही पडायचा. कॉलवर सगळे इंग्रजी-हिंदीची भेळ बोलतात, वेगाने, आणि आपण वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे मीटिंगची टिपणं काढायचं काम आपण होऊन मागून घेणं. कुणालाच ते नको असतं, त्यामुळे लगेच मिळतं. टिपणं काढणाऱ्याला "सॉरी, हा आकडा पुन्हा सांगाल का?" असं विचारायचा हक्क असतो. महिनाभर हे केलंत की कुणाचं काम कशावर अडलंय हे तुम्हाला मॅनेजरइतकंच ठाऊक असतं, आणि तोंडही आपोआप उघडतं. टिपणं त्याच दिवशी संध्याकाळी पाठवा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. बाकी पाल्हाळ नको.

मोठ्या कंपन्यांत वरच्यांनाही पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत असते. जीभ वळत नसेल तर सर-मॅडम म्हणा, कुणी हसत नाही. पँट्रीतल्या मावशींना आणि गेटवरच्या दादांना मात्र नावानिशी ओळखा. विसरलेलं ओळखपत्र तेच निभावून नेतात.

जागा बदलून मागा

एकाच टेबलावर वर्ष काढलं तर एका टेबलाचं शिक्षण होतं. करारासोबत प्रशिक्षणाचा आराखडा असतो आणि त्यात बहुधा दोन-तीन विभागांची नावं असतात. चौथ्या महिन्यात तो काढा. मॅनेजरला मेल लिहायचा तो तक्रारीच्या सुरात नको: "मॅडम, आराखड्यात खरेदी विभागाचे सहा आठवडे आहेत. माझं सध्याचं काम नव्या मुलाला समजावून देण्याची टिपणं तयार आहेत. 21 तारखेपासून गेले तर चालेल का?" गोम दुसऱ्या वाक्यात आहे. आपल्याशिवाय काम अडणार नाही हे दाखवलं की सोडतात. हाताला लागलेला माणूस फुकट कोण सोडेल?

अडचण आली तर

चार महिने स्कॅनिंगच करायला लावलं, स्टायपेंड थकला, रोज रात्री नऊपर्यंत थांबवलं, तर आधी मेंटॉर, मग एचआर, मग कॉलेजचे कोऑर्डिनेटर. सगळं मेलवर. तिथेही हललं नाही तर कराराबाबतचा वाद शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नेता येतो. नॅट्सचं पश्चिम विभागाचं प्रशिक्षण मंडळ मुंबईतच आहे, शीवला, पुरव मार्गावरच्या एटीआय या सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या आवारात. कुणालाही न सांगता यायचं बंद करणं हा सगळ्यात महाग मार्ग. कराराचा भंग तुमच्या नावावर लागतो आणि क्रेडिटही जातात.

आणि मुलींनो, मुलांनोही: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात 'कर्मचारी' या व्याख्येत अप्रेंटिसचा स्पष्ट उल्लेख आहे. "तू तर ट्रेनी आहेस" म्हणून मुलीची तक्रार कुणी घेणार नाही असं होऊ शकत नाही. अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं नोटीस बोर्डवर लावलेली असतात, पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा. हा कायदा महिलांसाठी आहे. मुलांनी कंपनीचं स्वतःचं धोरण वाचावं.

शेवटचे दोन महिने

परीक्षा आणि वर्षअखेर एकाच वेळी येतात, कारण दोघांनाही मार्च-एप्रिल आवडतो. रजेचं पत्र जानेवारीतच द्या. अभ्यास लोकलमध्ये होतो असं सांगणारे बहुधा डोंबिवलीहून 8.12 ला चढलेले नसतात. मी ऑफिसात एक तास लवकर पोहोचून कॅन्टीनमध्ये वाचायचे. एसी होता, आणि चहा सहा रुपयांना.

प्रोजेक्ट रिपोर्ट कंपनीला दाखवून मंजूर करून घ्यायला तीन आठवडे धरा, लीगलमधून जावा लागला तर पाच. नोकरीचं बोलणं शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. नव्या वर्षाच्या जागा ठरतात तेव्हा, म्हणजे फेब्रुवारीच्या आसपास, मॅनेजरला विचारा. नाही म्हणाले तर "कुठल्या टीमला गरज आहे?" हा पुढचा प्रश्न. मला जागा अशीच मिळाली, पेमेंटमध्ये नाही, ऑडिटच्या टेबलावर.

डिजिलॉकरमध्ये क्रेडिट चढलेत का ते बघा आणि पोर्टलवरचं प्रमाणपत्र उतरवून घ्या. त्यावरचं नाव मार्कशीटशी अक्षरनअक्षर जुळतंय ना, तेही बघा. वडिलांचं नाव मध्ये आहे-नाही यावरून पुढे पासपोर्टपर्यंत त्रास होतो.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप दुपारी जमा होतो आणि मेल त्याच मिनिटाला बंद पडतो. लॉगबुकवरच्या राहिलेल्या सह्या, मेंटॉरचा वैयक्तिक नंबर आणि शिफारसपत्र हे सगळं जेवणाआधी उरका. कंपनीची शीट स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. त्या दिवशी आयटीवाले नेमके तेच बघत असतात. तुमची टिपणांची फाइल मात्र पुढच्या अप्रेंटिससाठी विभागाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पहिल्या पानावर लिहा, बिल कुठल्या कारणांनी अडकतं.